केसांची रोजकीर्द : प्रस्तावना

आपल्या शरीराचे म्हणून जे जे आहे त्यांपैकी एका केसालाच आपण आपखुषीने कातरतो, देवाला वाहतो, सुतकात उतरवतो, फेरीवाल्याला विकतो आणि नवसाच्या बोलीत तारणही ठेवतो. परंतु तोच केस आपली परवानगी न घेता फणीच्या दातांत येऊन बसला, की शहाण्यासुरत्या माणसाचाही जीव खालीवर होतो. कापलेल्या केसाची खंत नाही आणि गळलेल्या केसाची मात्र धास्ती, ही मनाची रीत प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटते. पण तिच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती अशी की, कापलेला केस पुन्हा येतो व गळलेला कायमचा जातो. ही समजूत बव्हंशी खोटी आहे. ती खोटी का, कोणत्या थोड्या प्रसंगी ती खरी ठरते, आणि खऱ्याखोट्याची ही शीव ओळखण्यासाठी माणसाने गेली दोन-अडीच हजार वर्षे काय काय खटाटोप केला, हे एका जिल्ह्याच्या मातीवर उभे राहून सांगण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेखसंग्रह होय.

धाराशिव जिल्हा त्यासाठी निवडला तो केवळ संपादक मंडळी येथली म्हणून नव्हे. तुळजापुरात भवानीच्या दारी मुलांची जावळे उतरतात. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र, जेथे आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन देह ठेवला, तेथे येणारे मुनी आपले केस वस्तऱ्याने न काढता हाताने उपटतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या आणि तुळजापूरच्या यात्रांत कपाळावर मळवट आणि डोक्यावर जट घेतलेल्या स्त्रिया अद्याप दिसतात. आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्तींवर केशरचनेचे जे नखरे कोरलेले आहेत ते पाहिले, म्हणजे या मुलखात केसांची हौस किती जुनी आहे याचा दाखला मिळतो. एकाच जिल्ह्यात केस वाहणारे, उपटणारे, वाढू देणारे आणि सजवणारे असे सारे लोक नांदत असताना, केस मुळात उगवतो कसा आणि जातो कोठे, या प्रश्नाचे उत्तर मराठीत एका ठिकाणी मिळू नये, ही गोष्ट आम्हांस खटकत होती.

प्रथम गुंतवळ पाहू. आमच्याकडील स्त्रिया केस विंचरून झाल्यावर फणीतले केस बोटाभोवती गुंडाळून त्याची लहानशी गोळी करतात, आणि ती न टाकता भिंतीच्या एखाद्या भोकात किंवा कोनाड्यात खोचून ठेवतात. कारण गल्लीत केसांवर भांडी देणारा फेरीवाला आला की वर्षभराच्या त्या ठेवीचे एखादे वाडगे तरी पदरात पडते. त्या गोळीतला एकच केस अलगद सोडवून उजेडात काळ्या कापडावर धरावा. त्याच्या एका टोकाला टाचणीच्या अग्रापेक्षाही बारीक असा पांढरा, गोलसर, कोरडा गाठीसारखा शेवट दिसतो. हा शेवट पाहूनच घरोघरी ‘मुळासकट आला गं’ असा आकांत होतो. वस्तुतः ते मूळ नव्हेच. मूळ त्वचेच्या आत जिथल्या तिथे शाबूत असते. हा पांढरा शेवट म्हणजे केसाची वाढ कित्येक आठवड्यांपूर्वीच रीतसर थांबली होती, रंगाचा पुरवठा आधीच बंद झाला होता आणि केसाने आपली जागा नव्यासाठी मोकळी केली होती, याची जणू पावतीच. उलट ज्या केसाला असा शेवट मुळीच नाही, जो मध्येच तुटल्यासारखा खरखरीत टोकाचा आहे, तो गळलेला नसून तुटलेला असतो. आमच्या भागातील बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला लोक जो दोष देतात तो या दुसऱ्या प्रकारापुरता विचारात घेण्याजोगा आहे, कारण क्षारांनी केसाचा दांडा खडबडीत होऊ शकतो, मात्र त्वचेखालच्या मुळापर्यंत त्या पाण्याचा हात पोचत नाही. फणीतील केसाचे टोक पाहण्याची एवढी सवय जरी या पुस्तकाने लावली, तरी अर्धी धास्ती कमी होईल असे आम्हांस वाटते.

त्वचेत खोल उतरलेली एक नळी, म्हणजे केशकूप, तिच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी वेढलेला एक बारीक अंकुर, आणि त्या अंकुरावर अहोरात्र विभागत राहणाऱ्या पेशी, एवढीच केसाची कार्यशाळा. या पेशी वर ढकलल्या जाताना केराटिन नावाच्या गंधकयुक्त प्रथिनाने भरतात, कडक होतात आणि मरतात. म्हणजे बाहेर दिसणारा केस हा पहिल्यापासूनच निर्जीव असतो, आणि त्याला तेलाने ‘पोषण’ देण्याची भाषा ही वाळलेल्या लाकडाला खत घालण्याच्या तोडीची आहे. हे केशकूप सर्व शरीरावर मिळून सुमारे ५० लाख, आणि ते सारे गर्भावस्थेतच घडतात. जन्मानंतर नवा कूप तयार होत नाही. डोक्यावर त्यांपैकी सुमारे १ लाख. महिन्याला साधारण १ सेंटिमीटर या वेगाने केस २ ते ६ वर्षे वाढतो; मग २-३ आठवड्यांत कूपाचा खालचा भाग आक्रसून वर सरकतो; त्यानंतर सुमारे ३ महिने केस नुसता टेकून राहतो आणि शेवटी सुटतो, तोवर खाली नवा अंकुरलेला असतो किंवा लवकरच अंकुरतो. ज्या बाईचे केस कितीही निगा राखली तरी खांद्याखाली उतरत नाहीत तिची वाढ मंद नसते, तिचा वृद्धिकाल तेवढा आखूड असतो. आणि भुवईच्या केसाचा तर तो काही आठवडे-महिन्यांपुरताच असल्यामुळे भुवया कातरण्याची पाळी सहसा येत नाही.

या सर्व व्यवहाराला आम्ही रोजकीर्द म्हटले आहे, आणि हे रूपक एकदाच वापरून बाजूला ठेवण्याचा आमचा विचार आहे. डोक्यावरील १ लाखांपैकी सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १० हजार केस, कोणत्याही दिवशी विश्रांतीत असतात. विश्रांती सुमारे १०० दिवसांची. तेव्हा रोजचा खर्च ५० ते १०० केसांचा येणारच, त्याला इलाज नाही. जोवर खर्ची पडलेल्या प्रत्येक केसामागे एक केस जमेस येतो आहे, तोवर बाकी कायम. टक्कल म्हणजे खर्च वाढणे नव्हे, जमा आटणे. आणि पुष्कळ वेळा जमेची रक्कमही केसांच्या संख्येत न घटता त्यांच्या जाडीत घटत जाते, म्हणजे कूप शिल्लक असतो पण त्यातून येणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड निघतो. वैद्याकडे जाणारा रोगी मात्र हमखास खर्चाचीच बाजू पुढे करतो, गळलेले केस कागदाच्या पुडीत बांधून आणतो, आणि जमेची बाजू, म्हणजे कपाळाच्या कडेला उगवलेली बारीक टोकदार लव, कोणी त्याला आरशात दाखवीपर्यंत त्याच्या ध्यानी येत नाही. या संग्रहाचा सारा भर जमेच्या बाजूवर आहे.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही, आणि पूर्वसूरींना आज अडाणी ठरवण्याची घाई करू नये. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्ताचे, म्हणजे आपण ज्याला चाई म्हणतो त्या रोगाचे, जे निदान सांगितले आहे त्यात दोन स्वतंत्र घटना मानल्या आहेत: प्रथम पित्त वायूच्या साहाय्याने रोमकूपात शिरून केस पाडते, आणि त्यानंतर रक्तासह कफ ते कूप रोधतो, म्हणून नवा केस येत नाही. दोषांची परिभाषा बाजूला ठेवली, तर गळणे आणि पुन्हा न उगवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हा विवेक येथे स्पष्ट आहे, आणि आजच्या कित्येक जाहिरातदारांना तो अद्याप साधलेला नाही. चरकसंहितेने केस आणि नखे यांचे दोष अस्थिधातूशी जोडून त्यांना एकाच कुळात बसवले. ती जोडी अगदी निराळ्या संदर्भात पुढे पुन्हा भेटेल. ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही असे निरीक्षण नोंदलेले आहे. ग्रीक वैद्यकाचा तो वारसा अरबांच्या हातून युनानी तिब्ब होऊन दख्खनेत आला आणि निजामाच्या हुकुमतीत त्याला सरकारी आश्रय मिळाला. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानचाच इलाखा असल्यामुळे आमच्या कसब्यांतून हकिमांचे नुस्खे आणि वैद्यांची तेले शेजारी शेजारी नांदली, आणि चाई पडली की कोणाकडे जावे याचा निवाडा बहुधा उधारी कोठे मिळते यावर होत असे.

अर्वाचीन शास्त्राची वाट निराळी होती. तिचा आरंभ माणसाच्या डोक्यावर न होता उंदराच्या पाठीवर झाला. एफ. डब्ल्यू. ड्राय या संशोधकाने १९२६ साली उंदराच्या लवेचा अभ्यास करून केसाच्या तीन अवस्थांना अ‍ॅनाजेन, कॅटाजेन आणि टेलोजेन अशी नावे दिली, आणि तीच नावे आज मुंबईपासून धाराशिवपर्यंतच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या तोंडी आहेत. उंदरात केस लाटेसारखे एकदम उगवतात व एकदम झडतात. माणसाचे वैशिष्ट्य असे की त्याचा प्रत्येक कूप शेजाऱ्याला न विचारता आपापल्या कालमानाने चालतो, म्हणून आपण रोज थोडे थोडे झडत असूनही कधी बोडके होत नाही. नवजात अर्भकात मात्र हे स्वातंत्र्य अजून आलेले नसते. पुष्कळशा कूपांची विश्रांती एकाच सुमारास येते आणि दोन-तीन महिन्यांच्या मुलाच्या डोक्यामागे जो केसविरहित पट्टा दिसतो, ज्याचे खापर आजी पाळण्यावर आणि उशीवर फोडते, तो मुख्यतः या एकत्र गळतीचा असतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या विदुषीने १९२८ साली दाढीच्या केसांची मोजमापे घेऊन दाखवले की वस्तऱ्याने केस दाट किंवा जाड होत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते हाताला राठ लागते, इतकेच. जावळ काढल्याने केस दाट येतात ही श्रद्धा त्यानंतर शंभर वर्षे होत आली तरी तिळमात्र ढळलेली नाही, आणि ती ढळावी असा आमचा आग्रहही नाही. मामाच्या मांडीवर बसून रडणाऱ्या त्या मुलाचे त्यात काही नुकसान नाही, वस्तरा स्वच्छ असला म्हणजे झाले.

हिपोक्रेटिसच्या त्या जुन्या निरीक्षणाला पुरावा मिळाला तो १९४२ मध्ये, जेम्स हॅमिल्टन यांच्या अभ्यासातून. वृषणे नसलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. पण त्यांना पुरुषरस, म्हणजे पुरुषी संप्रेरक, टोचून दिला असता ज्यांच्या घराण्यात टकलाची परंपरा होती त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे आनुवंशिकता एकटी पुरेशी नाही आणि रसही एकटा पुरेसा नाही, दोघांचा करार व्हावा लागतो. पुढे आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये आणखी एक उलगडा केला. विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार, अशा धक्क्याने वाढीत असलेले अनेक केस मुदतीपूर्वीच विश्रांतीत जातात, आणि विश्रांती सुमारे तीन महिन्यांची असल्याने ते झडतात तीन महिन्यांनी, जेव्हा रोगी बरा होऊन कामाला लागलेला असतो आणि मूळ कारण विसरलेलाही असतो. आमच्याकडील जुन्या बायका म्हणतात की बाळ आईला ओळखू लागले, हसू लागले, की आईचे केस जातात. कारण चुकीचे, परंतु मुदत बिनचूक! बाळ हसू लागते तोच तिसरा महिना. कोरोनाच्या साथीनंतर घरोघरी जी केसगळती झाली तिचाही हिशेब याच मुदतीने लागतो.

या एका मुदतीत केशतेलाच्या व्यापाराचे गुपितही दडलेले आहे. अशी गळती सुरू झाल्यावर काही न करताही साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. घाबरलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेल आणतो, चौथ्यात गळती ओसरते, आणि श्रेय बाटलीला जाते. अशा रीतीने जे आपोआप होणारच होते त्याच्या जोरावर कित्येक तेलांनी पिढ्यान् पिढ्या नाव कमावले. खरोखर गुण देणारी औषधे हाती आली ती अपघाताने आणि उशिरा: मिनॉक्सिडिल ही मूळची रक्तदाबाची गोळी, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून तिचे लेपन झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, फिनास्टेराइड या पुरुषांच्या टकलावरील गोळीला १९९७ मध्ये. १९९० मध्ये कोत्सारेलिस, सन आणि लॅव्हकर या संशोधकांनी केशकूपाच्या तळाशी नव्हे तर त्याच्या मधल्या एका फुगवट्यात मूलपेशींचे ठाणे असल्याचे दाखवले, आणि तळ पूर्ण आक्रसूनही कूप पुन्हा कसा उभा राहतो या जुन्या कोड्याची उकल झाली. चाई, जिच्यात शरीराचे संरक्षक सैन्यच कूपावर उलटते, तिच्या गंभीर स्वरूपावर बॅरिसिटिनिब हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. कूप जिवंत आहे तोवर आशा आहे, ही चाईच्या रोग्याला आम्ही पूर्वी नुसती सांत्वनाची गोष्ट म्हणून सांगत होतो. आता ती औषधाच्या कागदावर लिहिता येते.

इथवरचा विषय शरीराचा. परंतु केसाच्या अभ्यासाचा एक दुसरा संप्रदाय आहे, तो समाजशास्त्रज्ञांचा, आणि १९५८ मधील एडमंड लीच यांच्या ‘मॅजिकल हेअर’ या निबंधापासून त्याची गणना सहसा सुरू होते. लीच यांच्या मते मुंडन, शेंडी, जटा ही समाजाची जाहीर भाषा असून त्यावरून व्यक्तीच्या मनात काय आहे हे ठरवता येत नाही. श्रीलंकेतील कतरगामच्या जटाधारी तापसी स्त्रियांशी दीर्घकाळ बोलून गणनाथ ओबेयसेकरे यांनी १९८१ च्या ‘मेडुसाज हेअर’ या ग्रंथात त्याला उत्तर दिले की, निदान जटेच्या बाबतीत तरी खाजगी दुःख आणि जाहीर चिन्ह एकमेकांत गुंतलेले असते. हा वाद दोन विद्वानांचा वाटला तरी तो येरमाळ्याच्या जत्रेत प्रत्यक्ष चालू आहे.

जट म्हणजे काय, हे शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले तर फार थोड्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट दिसते. एखादी बाई लांबलेल्या तापातून उठते, हातात विंचरण्याचे बळ नसते, केस आठवडेच्या आठवडे तेलकट आणि धुळीचे राहतात. त्याच सुमारास वर सांगितलेली तीन महिन्यांची गळतीही येऊन ठेपते. सुटलेले केस फणीअभावी बाहेर पडत नाहीत, मुळाला धरून असलेल्या केसांत अडकून बसतात, गुंता घट्ट होतो, आणि कोणीतरी देवऋषी सांगतो की ही देवीची जट, हिला कात्री लावशील तर घरावर कोप होईल. त्यानंतर रोज गळणारे पन्नास-शंभर केस त्याच गुंत्यात जमा होत जातात. त्यांतील निम्मे जरी अडकले असे धरले, तरी पाच वर्षांत पंचेचाळीस ते नव्वद हजार केसांची भर पडते, म्हणजे तिच्या डोक्यावर रुजलेले केस जितके, त्यांच्या निम्म्यापासून जवळजवळ तितकाच गळलेल्या केसांचा बोजा. मानेचे दुखणे, उवा, दुर्गंधी, त्वचेच्या जखमा आणि डोके कधीच कोरडे न होणे, हे सारे भोग तिच्या वाट्याला, आणि मान मात्र देवीच्या नावाचा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, आणि त्यांतही विशेषेकरून पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, शेकडो स्त्रियांना समजावून, धीर देऊन, त्यांच्या संमतीने जटा उतरवल्या आहेत. कात्रीचे काम तास-दोन तासांचे. बोलण्याचे काम महिन्यांचे. जट उतरल्यावर खाली केसांची मुळे शाबूत असतात आणि वर्षभरात वीतभर नाही तरी चार बोटे केस खासच येतात, ही गोष्ट तिला आधीच सांगितली तर भीतीचा एक मोठा भाग निघून जातो, असे या कामातील मंडळी सांगतात. ओबेयसेकरे यांचे म्हणणे आम्हांस पटते. पण जटेत जे दुःख अडकले आहे ते जट ठेवल्याने फिटत नाही, हा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

कुंथलगिरीच्या मुनींचा केशलोच याच्या अगदी उलट टोकाचा. जैन आचारग्रंथांनुसार तो उत्कृष्ट पक्षी दोन, मध्यम पक्षी तीन आणि फार तर चार महिन्यांनी करावयाचा असतो. राख लावलेल्या बोटांनी मूठभर केस धरून झटक्याने उपटले जातात. तरी फुगवट्यातील मूलपेशी आणि तळचा अंकुर मागे राहतो, म्हणून काही महिन्यांनी केस पुन्हा दिसू लागतात आणि व्रताला पुन्हा विषय मिळतो. या विरक्तीला शरीराने कधी पूर्णविराम दिला नाही, हे तिचे मर्म आहे असे आम्ही म्हणतो. भाविकांनी त्याचा राग मानू नये.

आणि याच न थांबणाऱ्या वाढीमुळे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक काळी रूढी उघडी पडली. विधवेचे केशवपन एकदा करून भागत नसे. पतीच्या निधनानंतर बळजबरीने उतरवलेले केस महिन्याला सेंटिमीटरभर पुन्हा येतच, आणि म्हणून त्या बापडीच्या आयुष्यभर ठराविक दिवसांनी न्हाव्याला धोकटी घेऊन परसदारी यावे लागे. शास्त्रीबोवांचा हुकूम कितीही कडक असला तरी त्याची अंमलबजावणी दुसऱ्याच्या वस्तऱ्यावर अवलंबून होती. आगरकरांनी ‘सुधारका’तून या रूढीवर कोरडे ओढले ते सुशिक्षितांच्या लाजेसाठी, परंतु सत्यशोधक विचाराच्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला, तेव्हा रूढीची नेमकी कमकुवत नस दाबली गेली. शरीर स्वतःच दर पंधरवड्याला त्या रूढीविरुद्ध तक्रार दाखल करीत होते; ती तक्रार प्रथम ऐकली ती वस्तरा धरणाऱ्यांनी. मराठवाड्यात या समाजाला वारीक म्हणतात, आणि बलुत्याच्या काळापासून आजच्या सलूनपर्यंत गावातल्या प्रत्येक डोक्याची खबर असलेला हा एकमेव धंदा आहे. चाई, खवडा, उवा, बुरशी, टकलाची पहिली खूण, हे डॉक्टरच्या आधी त्याच्या नजरेस पडते. वैद्यकाने या कारागिराकडे शिकण्यासाठी जावे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच या संग्रहात त्यांच्या तोंडची माहिती आम्ही डॉक्टरांच्या लेखांच्या बरोबरीने छापली आहे, तळटीपेत नव्हे.

हा विषय आजच का, याचे उत्तर शेगाव तालुका देतो. बुलढाणा जिल्ह्यातील त्या तालुक्याच्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत धडधाकट माणसांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. लहान मुले, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारे, कोणी सुटले नाही. मुलींनी लाजेने मुंडन करून घेतले, ठरलेली लग्ने अडली, गावांची नावे वर्तमानपत्रांत ‘टक्कल गाव’ म्हणून झळकली. कोणी शाम्पूला, कोणी पाण्यातील नायट्रेटला, कोणी बुरशीला दोष दिला. क्लिगमन यांची मुदत ज्याला ठाऊक होती त्याच्या मनात मात्र पहिल्याच दिवशी खटकायला हवे होते: धक्क्याची गळती तीन महिन्यांनी येते, ही तीन दिवसांत आली, म्हणजे हे केस विश्रांतीतून सुटलेले नव्हते, वाढीत असतानाच विषाने तोडलेले होते. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांचे रक्त, लघवी आणि केस तपासून सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे घटलेले असल्याचे सांगितले व रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. काही महिन्यांनी त्या भागात नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा चरकाने केस आणि नखे एका ओळीत का बसवली याचे अनेकांना स्मरण झाले असेल. बहुतेकांचे केस पुढे हळूहळू परत येऊ लागले. येणारच होते, कूप शाबूत होते. पण तेवढे शांतपणे सांगणारे कोणी त्या पहिल्या आठवड्यात गावात पोचले असते, तर एवढी घबराट माजली नसती.

उद्या असा प्रसंग कळंब किंवा परांड्यात आला तर आपण त्याला कसे भेटू, हा प्रश्न संपादकांनी लेखकांपुढे ठेवला होता, आणि या संग्रहाची एकवाक्यता त्या प्रश्नातून आली आहे. धाराशिव शहरात आज शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. दोन्हीकडील मंडळींनी एकाच बाडात लिहिणे, परस्परांचे मत खोडूनही काढणे आणि तरी एकमेकांशेजारी छापले जाणे, ही गोष्ट या जिल्ह्यात सहसा घडत नाही, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख करतो. मतभेद आम्ही गुळगुळीत केलेले नाहीत. भृंगराजाच्या तेलाबद्दल दोन लेखकांची मते परस्परविरुद्ध आहेत आणि ती तशीच राहिली आहेत. वाचकाने पुरावा पाहून निकाल द्यावा. केशरोपणाविषयी मात्र या पुस्तकात मुद्दामच फारसे काही नाही, कारण ते मुख्यतः शहरातील पैसेवाल्या पुरुषांच्या कपाळाचे शास्त्र झाले आहे, आणि आम्हांला पंडुरोग झालेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, बाळंतपणानंतर गुंतवळ पाहून घाबरणाऱ्या बाईविषयी लिहावयाचे होते. पिकलेल्या केसांचे प्रकरणही वेगळ्या ग्रंथाचे आहे. औषधांची मात्रा कोठेही दिलेली नाही. ती वाचून कोणी स्वतःच औषधे घेऊ लागेल ही जोखीम आम्हांस पत्करायची नव्हती.

वाचकाला एक-दोन गोष्टी येथेच सांगून ठेवतो. केस एकाएकी गळू लागले तर प्रथम गेल्या तीन-चार महिन्यांत काय काय घडले, ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, नवे औषध, उपासतापास, हे आठवून कागदावर लिहावे आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. गळलेल्या केसांच्या पुडीपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढावी. दोन-तीन आले तर चिंता नाही, सहाच्या वर आले तर दाखवावे. जागोजाग गोल चकंदळ पडले, खपल्या धरल्या, किंवा घरातील अनेकांचे केस एकाच आठवड्यात जाऊ लागले, तर मुळीच वाट पाहू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे आणि घरात शिजणाऱ्या धान्याचा मूठभर नमुना वेगळा काढून ठेवावा.

या जिल्ह्यातील वारीक बंधूंना, सुईणींना आणि जट उतरवून घेतलेल्या भगिनींना संपादक मंडळाची विनंती आहे की, या पुस्तकात न आलेली एखादी रीत, एखादे निरीक्षण किंवा आमच्या म्हणण्याला छेद देणारा अनुभव त्यांच्यापाशी असेल, तर तो नावानिशी किंवा निनावी, पत्राने अथवा तोंडी, प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावा. दुसऱ्या आवृत्तीत तो त्यांच्याच शब्दांत छापला जाईल.